गावकर : गाव न सांगणारं आडनाव

शिरोडकर म्हटलं की शिरोडा, पर्रीकर म्हटलं की पर्रा, माशेलकर म्हटलं की माशेल. गोव्यातलं 'कर' लावलेलं आडनाव ऐकलं की पत्ता अर्धा कळतो. गावकर मात्र वेगळे. त्यांना पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : "खंयचे गांवकार?" आडनावातच 'गाव' असूनही कुठलं गाव ते कळत नाही. या आडनावाचा उगम नेमका त्या न कळण्यातच दडलेला आहे.

शिरोडकर हे नाव शिरोड्यात मिळत नाही. तिथे सगळेच शिरोड्याचे, मग कोण कुणाला तसं म्हणणार? कुटुंब फोंड्याला, पणजीला, मुंबईला गेलं की तिथले लोक त्याला शिरोडकर म्हणू लागतात. म्हणजे हे गावाबाहेर मिळालेलं नाव. गावकर हे गावाच्या आत मिळालेलं नाव. गावात राहणाऱ्या सगळ्यांमध्ये गावाच्या कारभाराचा हक्क ज्यांचा, ते गावकर. बाकीचे कूळ, मुंडकार (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), कारागीर, मागून येऊन वसलेले. गावात गावाचं नाव सांगायची गरज नव्हती, सांगायचा होता तो हक्क. म्हणून शिरोडकर हे गाव सोडलेल्यांचं आडनाव ठरतं आणि गावकर हे गावात राहिलेल्यांचं. पुढे गावकरही गाव सोडून गेले तेव्हा हक्काचं नाव बरोबर आलं आणि गावाचं नाव मागे राहिलं. आज शोधायचं ते हेच मागे राहिलेलं गाव.

कोंकणीत उच्चार 'गांवकार'. बोलताना कोंकणी माणूस शिरोडकार, म्हापशेकार असंच म्हणतो, मराठी लेखनात त्याचा 'कर' झाला. शब्द साधा दिसतो, पण त्याला कायदेशीर वजन होतं. १५२६ साली पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सो मेशिया याने तिसवाडीच्या, म्हणजे गोवा बेटाच्या, गावांच्या रूढी लिहून काढल्या. 'फोराल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दस्तऐवजाच्या शीर्षकातच गावकर आहेत. ओसाड बेटावर येऊन ज्यांनी जमीन लागवडीखाली आणली त्यांचे वंशज म्हणजे गावकर, आणि गावचा कारभार त्यांच्याकडे बापाकडून मुलाकडे चालत येतो, अशी ओळख त्यात दिली आहे. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था निर्माण केली नाही. ती होतीच, त्यांनी ती कागदावर आणली आणि तिच्यावर कर बसवला.

गावकर म्हणजे जमीनदार, हा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. जमीनदाराला गोव्यात शब्द आहे भाटकार. भाट, म्हणजे बागायत, त्याचं स्वतःचं असतं, ते तो विकू शकतो, मुलांत वाटू शकतो. गावकराची शेतजमीन त्याची नव्हे, गावकरीची, म्हणजे सगळ्या गावकरांच्या संस्थेची. शेतं ठरावीक मुदतीने पावणी करून, म्हणजे लिलावाने, लावणीला दिली जात. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारचा सारा, मग खाजनाचे (म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे) बांध आणि मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं), तळी, वाटा, देऊळ, गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च, आणि हे सगळं भागून उरलं तर ते गावकरांत वाटायचं. या वाटणीला 'जोण' म्हणतात. तोटा आला तर तोही त्यांच्यातच वाटला जाई. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन कित्येक हंगाम पिकत नाही, म्हणून बांधाची जबाबदारी हा गावकरपणाचा गाभा होता. आडनावाचा अर्थ 'गावचा मालक' असा लावण्यापेक्षा 'गावाचा भार वाहणारा भागीदार' असा लावावा. तो वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातो.

या संस्थेला पोर्तुगीज काळात 'कोमुनिदाद' हे नाव पडलं आणि आजही तेच चालतं. तिच्या कारभाराची शेवटची संहिता १५ एप्रिल १९६१ ची, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आठच महिने आधीची. त्यानंतर पंचायती आल्या, १९६४ चा कूळ कायदा आला, आणि गावकरीकडे पूर्वीचा कारभार राहिला नाही. तरी २२३ कोमुनिदादी आजही नोंदलेल्या आहेत आणि कित्येक ठिकाणी जोण अजून वाटलं जातं. शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वंशाच्या याद्या अजून जिवंत आहेत.

आता वांगड. गावकर एकाच घराण्याचे नसतात. गावकरी अनेक वांगडांची बनलेली असते आणि एक वांगड म्हणजे एका मूळपुरुषापासून निघालेली सगळी घरं. वांगडांना क्रम असतो. पहिल्या वांगडाचा मान पहिला : देवळात नारळ, शिगम्यात (शिमग्यात) मांडावर, म्हणजे सणाला गाव जमतं त्या मानाच्या जागी, उभं राहणं, बैठकीत पहिलं मत, कागदावर पहिली सही. एकाच गावचे दोन गावकर म्हणून भाऊबंद, असं धरून चालू नये. वांगड वेगळं असेल तर रक्ताचं नातं नसण्याचीच शक्यता जास्त. वंशावळ जोडताना सर्वांत जास्त चुका इथे होतात. गाव तेच, आडनाव तेच, आजोबांचं नावही तेच, म्हणून दोन घराणी एकत्र शिवली जातात.

वांगड म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुंकळ्ळीची सत्री, म्हणजे छत्र्यांची मिरवणूक, पाहावी. फातर्प्याहून शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी येते तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात. १५८३ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठलेला हाच तो गाव. त्या उठावानंतर कुंकळ्ळीच्या गावकरांच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे मारलं. वाटाघाटीला राजाचा माणूस नाही, सरदार नाही, गावकर बोलावले गेले. गावाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, हे त्यातून स्पष्ट होतं. गावकर हा शब्द त्या काळी किती भारी होता ते सांगायला याहून दुसरं उदाहरण लागत नाही.

कुंकळ्ळीच्या वांगडांत हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत, आणि यातून आडनावाची दुसरी गाठ सुटते. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशांत, सोळाव्या शतकात धर्मांतरं झाली तेव्हा माणसाचं नाव बदललं, आडनाव बदललं, पण गावकरीतला हक्क राहिला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे, त्यामुळे एकाच वांगडातले लोक पुढे दोन-तीन पोर्तुगीज आडनावांत विभागले गेले. आज साष्टीतला एखादा फर्नांडिस किंवा डायस गावकर असतो, त्याचं नाव कोमुनिदादीच्या यादीत असतं, त्याला जोण मिळतं. त्याच्या आडनावात मात्र गावकर कुठेच नाही. उलट बाजूही खरी आहे. आडनाव गावकर, पण कुठल्याच कोमुनिदादीत नोंद नाही, अशी घरं भरपूर आहेत. हक्क आणि आडनाव एकमेकांपासून सुटले आहेत. एकावरून दुसरं सिद्ध होत नाही.

आडनाव म्हणून गावकर दाट दिसतं ते नव्या काबिजादींत : सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सांगे, केपें, काणकोण. हे तालुके पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. तोवर सामूहिक धर्मांतराचा काळ सरला होता, त्यामुळे जुनी पदनामं जशीच्या तशी टिकली. तिथे गावकराबरोबर जल्मी, वेळीप, बुधवंत ही धार्मिक किंवा सामाजिक अधिकाराची नावंही आडनावं झाली. काणकोणात एकाच वाड्यावर काही घरं वेळीप आणि काही गावकर असतात, आणि ती एकाच समाजाची असतात. कुणबी, गावडा, वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळालं. त्यांच्यातही गावकर आहेत, मराठा-क्षत्रियांत आहेत, इतर समाजांतही आहेत. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात बारा-पाचाच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या मानपानाच्या जुन्या व्यवस्थेत, गावकर हा मानकरीच, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातही हे आडनाव वेगवेगळ्या समाजांत चालतं. म्हणूनच ते इतकं पसरलेलं आहे. त्याचा उगम एका घराण्यात नाही. जितके गाव तितके उगम. एक माणूस पसरून हे आडनाव वाढलं नाही, एक पद गावोगाव होतं म्हणून वाढलं. आडनावावरून जात सांगणाऱ्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांच्यातली गावकरांपुढची नोंद वाचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पदाचं आडनाव कधी झालं? बहुतेक घरांत जेव्हा सरकारी कागदाने रकाना पुढे केला तेव्हा. पूर्वी स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि वाडा सांगितला की भागत असे. गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासूनची आहे. जन्म, लग्न, मृत्यू लिहिताना कायमचं आडनाव लागू लागलं. मुक्तीनंतर शाळा, मतदारयादी आणि जमिनीची मोजणी आली आणि प्रत्येकाला रकाना भरावाच लागला. त्या वेळी एका भावाने गावकर सांगितलं, दुसऱ्याने देसाई, तिसऱ्याने नाईक, असंही झालेलं आहे. जोडआडनावं याच सांध्यावरची : नाईक गावकर, वेळीप गावकर, प्रभुगावकर. जोड सापडली तर ती टाकू नका. त्यातला पहिला भाग बहुधा घराण्याची खूण असतो.

आता स्पेलिंग, कारण शोध बहुतेक वेळा इथेच अडकतो. पोर्तुगीज लिखाणात 'क'साठी 'के' हे अक्षर सहसा वापरत नसत, 'सी' वापरत. त्यामुळे जुन्या कागदात हे आडनाव जी-ए-यू-एन-सी-ए-आर असं दिसतं. आणखी जुन्या कागदांत 'यू' नसतो, नुसतं जी-ए-एन-सी-ए-आर. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत जी-ए-यू-एन-के-ए-आर किंवा जी-ए-एन-व्ही-के-ए-आर. मुक्तीनंतरच्या इंग्रजी दाखल्यांत जी-ए-ओ-एन-के-ए-आर, आणि घाईने भरलेल्या अर्जांत मधला 'एन' गळून जी-ए-ओ-के-ए-आर. मराठीतही दोन रूपं आहेत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार गेले आणि 'गांवकर'चं 'गावकर' झालं. गोव्यात तो नाकातला उच्चार अजून स्पष्ट ऐकू येतो, म्हणून पुष्कळ घरं अनुस्वार सोडत नाहीत. संगणकावरच्या यादीत ही दोन वेगळी आडनावं धरली जातात. शोधताना ही सगळी रूपं एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक रूप वेगळं टाकून पाहा.

याउलट जी दिसायला जवळची पण वेगळी आहेत, ती वेगळीच ठेवा. गावडे हे गावडा या शब्दावरून आलं आणि त्याचं नातं कन्नडमधल्या गावुंड या गावप्रमुखाच्या पदाशी जोडलं जातं. गावस हेही स्वतंत्र आडनाव, सत्तरी आणि दोडामार्ग भागात भरपूर. हाताने लिहिलेल्या पोर्तुगीज नोंदीत या तिन्हींची सुरुवातीची अक्षरं सारखीच दिसतात, म्हणून शब्दाचा शेवट नीट वाचल्याशिवाय नोंद आपली म्हणू नये.

पोर्तुगीज कागद वाचताना एक बारकावा पक्का लक्षात ठेवावा. नावानंतर 'गांकार' आणि त्यापुढे 'दा आल्देय द' अमुक असं आलं, तर ते आडनाव नाही, दर्जा आहे : 'अमुक गावचा गावकर'. ती ओळ सोन्यासारखी, कारण हरवलेलं गाव तिथेच लिहिलेलं असतं. तसं काही न येता नुसतं नावाच्या शेवटी आलं, तर ते आडनाव. पुष्कळ लोक पहिल्या प्रकारातही आडनाव समजून पुढे जातात आणि गावाचं नाव वाचायचंच राहून जातं.

कागद कोणत्या क्रमाने काढायचे? जन्मदाखल्यापासून सुरुवात सगळेच करतात. लग्नाची नोंद त्याहून जास्त बोलकी असते. गोव्यात लग्न नागरी निबंधकाकडे नोंदवावंच लागतं आणि त्या नोंदीत वधू-वर दोघांचे आईबाप, जन्मगाव, राहण्याचं ठिकाण मिळतं. अर्ज करताना तालुका आणि अंदाजे वर्ष हवं. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर त्या तालुक्यातले शेकडो गावकर समोर येतील. आजोबांचं लग्न सापडलं की त्यांच्या वडिलांचं नाव हाती येतं, आणि ते नाव घेऊन पुढच्या पायरीला जायचं.

पुढची पायरी इन्व्हेंटरीची, जुन्या बोलण्यात 'इन्व्हेंतार'. माणूस गेल्यावर त्याची मालमत्ता वारसांत वाटायची कोर्टातली प्रक्रिया ती. त्यात कुटुंबप्रमुखाला, म्हणजे 'कबेसा द काझाल'ला, सगळ्या वारसांची नावं, त्यांचे नवरे-बायका, मयत मुलांची मुलं, सगळं शपथेवर सांगावं लागतं. वंशावळीसाठी याच्यासारखा कागद नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीही त्यात असतात, आणि त्या इतर याद्यांत क्वचितच सापडतात. इन्व्हेंटरी झाली नसेल तर नोटरीकडचं वारसापत्र पाहावं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सात-बारा, सर्वांना सहज मिळतो, पण तो मुक्तीनंतरच्या मोजणीवर आधारलेला आहे. त्याआधीचं काही त्यात शोधू नये. जुन्या मालकीसाठी नोंदणी कार्यालयातलं 'देस्क्रिसांव' आणि 'इन्स्क्रिसांव' मागावं : पहिल्यात जमिनीचं वर्णन, दुसऱ्यात ती कुणाच्या नावावर.

गाव कळलं की कोमुनिदाद. तिच्या नोंदवहीत गावकरांची नावं वांगडानुसार असतात, आणि जोणाच्या वह्यांत कुणाला वर्षाला किती दिलं ते. पोर्तुगीज वह्यांत वांगडाला 'वांगोर' आणि जोणाला 'जोनो' लिहिलेलं दिसेल. या याद्या पुरुषांच्या वंशाने चालतात, हे लक्षात ठेवावं. आणखी एक खाचखळगा असा की गावकरांबरोबर कुळाचारी (गावकर नसलेले, पण गावकरीत काही हक्क असलेले) आणि भागधारक यांच्याही वेगळ्या याद्या असतात. भागधारकाने आपला भाग विकतही घेतलेला असू शकतो, म्हणून त्या यादीतलं नाव मूळ गावकरपणाचा पुरावा नाही. आपलं नाव कुठल्या यादीत आहे ते आधी पाहावं. त्याहून मागचे कागद पणजीच्या पुराभिलेख खात्यात. हे दफ्तर १५९५ पासूनचं, पहिला दफ्तरदार दियोगु द कोतु. तिथे पोर्तुगीजबरोबर मोडी आणि गोयकानडी लिपीतलेही कागद आहेत. मोडी वाचणारा माणूस थोड्या खटपटीने मिळतो, गोयकानडी वाचणारे फार थोडे. म्हणून कागदाची प्रत आधी घेऊन ठेवावी आणि वाचणारा मिळेल तेव्हा वाचून घ्यावी.

कागदाने गाव दिलं नाही तर देऊळ देतं. गोव्यातल्या देवस्थानांना महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची, यादी ठेवावी लागते. १८८६ आणि पुढे १९३३ च्या नियमांपासून हे चालत आलं आहे. कुलदेव माहीत असेल तर ती यादी पाहायला मागा. पण देऊळ आज जिथे आहे तो आपला मूळ गाव, असं धरू नका. सोळाव्या शतकात देव हलले. कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळात, केळशीची शांतादुर्गा कवळ्यात, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळात, रायची कामाक्षी शिरोड्यात, लोटलीचा रामनाथ बांदोड्यात, मडगावचा दामोदर जांबावलीला. महालसेच्या यादीत आपलं घर सापडलं तर शोध म्हार्दोळात नव्हे, वेर्ण्याकडे वळवायचा. नव्या काबिजादींत बहुतेक देव हलले नाहीत. तिथे ग्रामदेव, मूळपुरुषाची जागा आणि मांड एकाच गावात सापडतात, आणि शिगम्यात मांडावर आपल्या घरचा माणूस कुठे उभा राहतो हे एकदा पाहिलं की वांगडाचा प्रश्न सुटतो. देवापुढे गाऱ्हाणं घालताना घेतली जाणारी नावं नीट ऐकावीत. कुठल्याच कागदावर नसलेला मूळपुरुष त्यात असू शकतो.

हे सगळं हाती आलं की एका ओळीत लिहून ठेवावं : मूळ गाव, वांगड, कुलदेव आणि त्याचं मूळ स्थान, घराचं किंवा वाड्याचं नाव, आणि आडनावाची आजवर सापडलेली सगळी स्पेलिंगं, प्रत्येकासमोर कागदाचं साल. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असेल, तर पासपोर्टच्या किंवा वारसाच्या वेळी अडणारच. तेव्हा कुठलं रूप जुनं आणि कुठलं नंतर आलं हे सालासकट दाखवता आलं की ते लिहिताना झालेली चूक आहे, आडनाव बदललेलं नाही, हे पटवणं सोपं जातं. आडनाव बदलायला गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे. नुसत्या चुकीसाठी त्या वाटेला जायचं कारण नाही.